रथसप्तमीचा पाऊस

गेल्या महिन्यांत आम्हांस एक पत्र आलें. लिहिणाऱ्या भगिनी या सदराच्या जुन्या वाचक आहेत, आणि त्यांचें अक्षर पाहिलें कीं आंतला प्रश्न सोपा नसणार हें आम्ही ओळखतों. त्या लिहितात : "आर्यांच्या ध्रुवनिवासाविषयींचा लोकमान्यांचा ग्रंथ आमच्या घरीं सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. परवां उत्तरध्रुवाकडील बर्फ वितळत असल्याचें वाचून आमचे हे म्हणाले, 'बरेंच झालें! ज्या थंडीनें पूर्वजांस घर सोडावयास लाविलें तीच आतां निघाली. जुनें घर पुन्हां राहण्याजोगें होईल.' मुलें हंसलीं, मीही हंसलें. परंतु मागाहून मनांत आलें, यांत कांहीं तथ्य असेल काय? बर्फ वितळून समुद्र वाढेल तो वाढो. पण निदान तेथल्या जीवांस तरी उबेनें बरें वाटत असेल ना?"

यजमानांचा विनोद आम्हांस आवडला. त्यांत एक सरळ पूर्वपक्ष आहे, आणि पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून उत्तरपक्षास बळ येत नाहीं. थंडी हा शत्रु, ऊब हा मित्र; शत्रु हटला तर सुख वाढलेंच पाहिजे, असा हा पक्ष आहे. उत्तर देण्यापूर्वीं ग्रंथाविषयीं दोन शब्द. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथांत लोकमान्यांनीं ऋग्वेदांतील दीर्घ उषांच्या वर्णनांवरून असें प्रतिपादन केलें, कीं शेवटच्या हिमयुगापूर्वीं ध्रुवाजवळचा प्रदेश वस्तीस योग्य होता व हिमाचा लोट आल्यावर आर्यांनीं तो सोडला. हा सिद्धान्त आज विद्वानांस मान्य नाहीं, आणि तो वाद येथें उकरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र व कित्येक दिवस क्षितिजावर फिरत राहणारी उषा, या गोष्टी महाराष्ट्रांतील कित्येक घरांस प्रथम त्या ग्रंथानें कळल्या, हें खरें.

ध्रुव या शब्दाचा अर्थच मुळीं स्थिर, निश्चित, न ढळणारें असा आहे. विवाहांत वधूस ध्रुवदर्शन करवितात तें त्याचसाठीं. ज्योतिषी म्हणतील, कीं आकाशांतला ध्रुवही ढळतो. सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वीं त्या मानाच्या जागेजवळ अभिजित् होता. तें खरेंच, पण त्या ढळण्यास सहस्रकें लागलीं. पृथ्वीवरील ध्रुवाकडचा प्रदेश आमच्या एका आयुष्यांत ढळला. आम्हीं मुलांस जो भूगोल शिकविला तो आतां त्या प्रदेशास लागू पडत नाहीं.

ध्रुवाबरोबर वधूस अरुंधतीही दाखवितात. ती बारीक असल्यामुळें आधीं शेजारचा ठळक तारा दाखवावा व मग बोट हळूच तिच्याकडे वळवावें, असा न्याय शास्त्रकारांनीं सांगितला आहे. आमची अडचण उलटी आहे. सबंध ध्रुवप्रदेश एका दृष्टिक्षेपांत मावत नाहीं. म्हणून आम्ही आधीं एक लहान जागा दाखवितों.

नॉर्वेच्या उत्तरेस, ध्रुवापासून सुमारें तेराशें किलोमीटरांवर, स्वालबार्ड नांवाचा द्वीपसमूह आहे. डच खलाशी विलेम बारेंट्स यास तो १५९६ सालीं दिसला. निम्म्याहून अधिक भूमि हिमनद्यांखालीं आहे. मुख्य गांव लाँगयिअरब्येन. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. त्याच्याही उत्तरेस नी-आलेसुंड ही शास्त्रज्ञांची वसाहत आहे, आणि तेथें २००८ सालापासून 'हिमाद्रि' हें आपलें भारतीय संशोधनगृह आहे. त्याचा कारभार गोव्यांतील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. नारळीपोफळींच्या छायेंत बसून कोणी हिमनद्यांचा हिशेब ठेवीत असेल, हें प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस मौज वाटली होती. २०१४ सालीं त्याच संस्थेनें जवळच्या कोंग्सफ्योर्ड या खाडींत, खोल पाण्याखालीं, समुद्राचें तापमान व क्षारता टिपणारीं यंत्रें बसविलीं. आणि २०२३ च्या डिसेंबरांत भारतीय शास्त्रज्ञांची पहिली हिंवाळी तुकडी तेथील दीर्घ रात्रींत राहावयास गेली.

ती रात्र कशी? लाँगयिअरब्येन येथें सूर्य ऑक्टोबरच्या अखेरीस जो मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यास क्षितिजावर येतो, आणि डोंगर आड असल्यामुळें गांवांतून तो दिसावयास ८ मार्च उजाडतो. त्या दिवशीं सारें गांव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशीं जमून सूर्याची वाट पाहतें. हें आमच्या वाचकांस परकें वाटूं नये. सूर्याचें हें येणें-जाणें पूर्वीं होतें तसेंच आजही आहे. त्यांत घटकेचा फरक नाहीं. फरक पडला तो थंडींत. १९७१ पासून २०१७ पर्यंतच्या काळांत स्वालबार्डचें सरासरी तापमान ३ ते ५ अंशांनीं चढलें, आणि ही चढ सर्वांत अधिक हिंवाळ्यांतली आहे. २५ जुलै २०२० रोजीं तेथील विमानतळावर २१.७ अंश तापमान नोंदलें गेलें. आपल्याकडे तो पौषांतल्या पहांटेचा गारवा ठरेल. तेथें तो उष्म्याचा उच्चांक ठरला.

पृथ्वी सर्वत्र तापत असतां ध्रुवाकडेच इतकी घाई कां? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें १९७९ पासून उत्तरध्रुवाचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळ जवळ चौपट वेगानें तापला आहे. याचें एक मोठें कारण घरच्या घरीं पाहतां येतें. भर दुपारीं अंगणांत एक पांढरें धोतर व एक काळें घोंगडें पसरून ठेवावें, आणि घटकेनें दोहोंवर हात ठेवून पाहावा. ताज्या हिमानें झांकलेलें समुद्रावरील बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा शंभरांत ऐशी भाग किंवा त्याहूनही अधिक परत धाडतें. उघडा समुद्र जेमतेम सहा-सात भाग परत करतो, उरलेला पोटांत घालतो. थोडें बर्फ वितळलें कीं धोतराच्या जागीं घोंगडें आलें. घोंगडें तापलें कीं शेजारचें धोतर आणखी आकसलें. उन्हाळ्यांत पोटांत घातलेली ही उष्णता समुद्र शरदांत व हिंवाळ्यांत हवेस परत देतो. म्हणूनच तेथला हिंवाळा उन्हाळ्याहून अधिक बदलला. १९८० च्या सुमारास सप्टेंबरांत, म्हणजे बर्फ सर्वांत कमी असतें त्या वेळीं, उत्तरध्रुवसमुद्रावर सुमारें ७० लक्ष चौरस किलोमीटर बर्फ राही. २०१२ सालीं तें ३४ लक्षांवर आलें. पुढील वर्षांत तितकी नीचांकाची पाळी आली नाहीं, परंतु जुना विस्तारही परत आला नाहीं. मूळ आंच अर्थात् मनुष्यानें जाळलेल्या कोळशा-तेलाच्या धुराची आहे. घोंगडें ती वाढवितें इतकेंच.

आतां भगिनींच्या मुख्य प्रश्नाकडे येतों. तेथल्या जीवांस उबेनें बरें वाटतें काय?

आपल्याकडे पाऊस म्हणजे जीवन. कोशांत पाण्याच्या नांवांत 'जीवन' हें नांवही दिलेलें आहे. ध्रुवप्रदेशांत हिंवाळ्यांतला पाऊस म्हणजे दुष्काळ. हें विधान विपरीत वाटेल, म्हणून सावकाश सांगतों. स्वालबार्डचा रेनडिअर हा आंखूड पायांचा, गुबगुबीत, सुस्त दिसणारा प्राणी आहे. लांडगे तेथें नाहींत, धनगरही नाहींत. तो आपल्या मनाचा राजा. शिकारीमुळें त्याचा वंश बुडत आला होता, परंतु १९२५ सालीं त्यास कायद्यानें अभय मिळालें. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तो अखंड उजेडांत चरून अंगावर चरबी चढवितो, आणि ती शिदोरी घेऊन लांबलचक हिंवाळ्यांत शिरतो. हिंवाळ्यांत वाळलेलें गवत, पाला व शेवाळ हिमाखालीं असतें. हिम भुसभुशीत असतें तोंवर तो खुरांनीं तें उकरतो व खालचें खातो. थंडी उणें वीस असो कीं उणें तीस, त्याच्या लोंकरीस तिची पर्वा नाहीं. परंतु हिमावर पाऊस पडला, कीं तें पाणी झिरपत गोठलेल्या जमिनीपर्यंत पोंचतें, तेथें त्याचें बर्फ होतें, आणि सबंध दरी कांचेच्या झांकणाखालीं गेल्यासारखी होते. मग खूर घसरतो, दांत लागत नाहीं. अन्न आहे, पण तें कुलपांत आहे.

३० जानेवारी २०१२ हा दिवस आमच्या स्मरणांत राहण्याचें कारण असें, कीं पंचांगांत त्या दिवशीं माघ शुद्ध सप्तमी होती. आपण सर्वांनीं अंगणांत सूर्याचा रथ काढला, गोवऱ्यांवर दूध ऊतूं घातलें. नी-आलेसुंड येथें सूर्य अद्याप क्षितिजाखालींच होता, आणि त्या काळोखांत पाऊस कोसळत होता. त्या एका दिवसांत ९८ मिलिमीटर पाणी पडलें; तेथें सबंध वर्षांत जेवढें पडतें त्याचा सुमारें चौथा भाग! हिम नव्हे, पाऊस. मागाहून थंडी आली आणि बर्फाचें कुलूप लागलें. पुढें २०१९ च्या उन्हाळ्यांत नॉर्वेच्या ध्रुवसंशोधन संस्थेचे लोक गणतीस गेले, तेव्हां मागील हिंवाळ्यांत उपासमारीनें मेलेले सुमारें २०० रेनडिअर त्यांस आढळले. कांहीं ठिकाणीं कळप समुद्रकांठीं उतरून लाटांनीं टाकलेलें समुद्रशेवाळ खातांना पाहिले गेले आहेत. गवत खाणाऱ्यानें खारें शेवाळ चघळावें, ही वेळ उबेनें आणली.

येथें आम्हांस एक गोष्ट लपवावयाची नाहीं, कारण ती यजमानांच्या बाजूची आहे. कित्येक दऱ्यांत रेनडिअरांची संख्या घटली नसून वाढली आहे. उन्हाळा लांबला, गवत अधिक उगवूं लागलें, पाडसें अधिक जगलीं. मग तक्रार कसली? तर हिंवाळा तितकाच लांब नि त्यांत कुलूप. खाणारीं तोंडें मात्र अधिक. शास्त्रज्ञांनीं वर्षानुवर्षें जनावरें धरून वजनें केलीं. १९९४ सालीं जन्मलेल्यांचें मोठेपणींचें सरासरी वजन ५५ किलो भरलें. २०१० सालीं जन्मलेल्यांचें ४८. हिंवाळ्याच्या शेवटीं गाभण मादीच्या अंगावर मांस उरलें नाहीं, तर गर्भ टिकत नाहीं. टिकला तर पाडस हलकें जन्मतें. म्हणजे कुटुंब वाढलें, आणि प्रत्येकाच्या पानांत कमी पडूं लागलें. अशा घरास सुखी म्हणावें कीं दुःखी, हें ज्यांनीं मोठ्या कुटुंबाचा प्रपंच केला आहे त्यांनींच ठरवावें.

रथसप्तमीचा तो पाऊस अपवाद होता, असें तेव्हां म्हणतां येत होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत नी-आलेसुंडास पुन्हां पाऊस पडला, हिम वितळून जमिनीवर पाण्याचीं तळीं साचलीं, आणि ऐन हिंवाळ्यांत हिरवळ उघडी पडली. हिंवाळी हिमाचा अभ्यास करण्यास गेलेल्या शास्त्रज्ञांस अभ्यासाचा विषयच पायांखालून वाहून जातांना पाहावा लागला.

समुद्राची कथा थोडक्यांत सांगतों. अटलांटिकचें कोमट पाणी आतां अधिकाधिक आंत शिरतें. कोंग्सफ्योर्डची खाडी पूर्वीं हिंवाळ्यांत गोठून जाई. २००६ पासून ती बहुतेक हिंवाळ्यांत बव्हंशीं मोकळीच राहूं लागली. निळसर शिंपल्यांची एक जात सुमारें हजार वर्षें त्या किनाऱ्यांवर नव्हती. ती २००४ सालीं पुन्हां सांपडली. शिंपल्यांस ऊब मानवली. बर्फावर उभें राहून सील मारणाऱ्या पांढऱ्या अस्वलास मात्र पायांखालीं बर्फच नाहीं. तें किनाऱ्यावर येऊन पांखरांचीं अंडीं खात हिंडतें. एवढ्या मोठ्या धुडाचें अंड्यांवर काय भागणार!

आतां जमीन. तेथील जमीन वरचा पातळ थर सोडला तर बारमास गोठलेली असते, कित्येक ठिकाणीं शेंकडों मीटर खोल. घरें तिच्यांत रोंवलेल्या खांबांवर उभीं असतात. उन्हाळ्यांत सुटणारा थर जाड होऊं लागला, कीं खांब कलूं लागतात. या गोठलेल्या भूमीच्या भरंवशावर २००८ च्या फेब्रुवारींत लाँगयिअरब्येनजवळच्या डोंगराच्या पोटांत जगांतील बियाण्यांचें एक कोठार उघडण्यांत आलें. कोठें युद्ध झालें, कोठें पूर आला, तरी पिकांचीं बियाणीं येथें उणें १८ अंशांत सुरक्षित राहावींत, हा हेतु. हैदराबादेजवळच्या पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेनें ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांचीं बियाणीं तेथें ठेविलीं आहेत. आपल्या भाकरीचें बीज त्या डोंगरांत आहे. जागा निवडतांना धरून चाललेली गोष्ट अशी, कीं दुसरें कांहींही बदललें तरी तेथली थंडी ध्रुव आहे. २०१६ च्या ऑक्टोबरांत अवेळीं पाऊस झाला, भोंवतालची जमीन सुटली, आणि पाणी कोठाराच्या प्रवेशबोगद्यांत शिरून तेथें गोठलें. बियाण्यांपर्यंत तें पोंचलें नाहीं. बीं सुखरूप आहे. पण पुढें बोगदा नव्यानें बांधून जलाभेद्य करावा लागला.

तें गांव वसलें मुळीं कोळशासाठीं. १९०६ सालीं लाँगयिअर नांवाच्या अमेरिकनानें खाणीकरितां तें वसविलें व त्याचेंच नांव गांवास पडलें. शंभराहून अधिक वर्षें तेथून निघालेला कोळसा जगाच्या भट्ट्यांत जळला. गांवची कोळशावरील वीज २०२३ सालीं बंद झाली, आणि नॉर्वेची तेथली शेवटची खाण २०२५ च्या उन्हाळ्यांत मिटली. खाणींतल्या लोकांस दोष देण्याचें आमच्या मनांत येत नाहीं; आमच्याही घरीं बंबांत कोळसाच जळत असे.

भगिनींनीं ओघांत "बर्फ वितळून समुद्र वाढेल तो वाढो" असें लिहिलें आहे. त्या वाक्यापाशीं आम्ही थबकलों, कारण तेथें आमचें एक जुनें देणें आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत आम्हीं सांगितलें, कीं उत्तरध्रुवसमुद्रावर तरंगणारें बर्फ वितळलें तर जगांतील समुद्र वर येतील. मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "नाहीं येणार, गुरुजी." दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो गोळेवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेऊन आला, पेल्यांत टाकला, आणि पेला कांठोकांठ पाण्यानें भरून आमच्या मेजावर ठेविला. तास संपेपर्यंत बर्फ वितळून गेलें. मेजावर थेंब सांडला नाहीं. तरंगणारें बर्फ आपल्या वजनाइतकें पाणी आधींच बाजूस सारून बसलेलें असतें, वितळल्यावर तें तितकीच जागा घेतें, हें आर्किमिडीजचें तत्त्व आम्ही स्वतः नववीस शिकवीत होतों! तरीही आम्ही काय बोललों? "पेला लहान आहे, समुद्र मोठा आहे, खालीं बैस." सारा वर्ग हंसला. तो बसला, आणि त्या वर्षांत त्यानें पुन्हां प्रश्न विचारला नाहीं.

समुद्र वाढवितें तें जमिनीवरचें बर्फ. आणि उत्तरेकडे तें सर्वांत अधिक ग्रीनलंडवर आहे. तें सर्व गेलें तर जगांतील समुद्र सरासरी सात मीटरांहून अधिक चढतील. सर्व जाण्यास शतकें, कदाचित् सहस्रकें लागतील. पण या शतकाच्या आरंभापासून तेथून वर्षास सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक बर्फ कमी होत आलें आहे. या वितळण्यानें व पाणी तापून फुगल्यानें मिळून १९०१ पासून २०१८ पर्यंत जगाचा समुद्र सुमारें २० सेंटिमीटर चढला. यांतली एक गोष्ट आम्हांस म्हातारपणीं कळली, आणि ती कळल्यावर रात्रीं बराच वेळ झोंप लागली नाहीं. बर्फाचा एवढा प्रचंड ढीग आपल्या भाराच्या आकर्षणानें भोंवतालचें समुद्राचें पाणी स्वतःकडे ओढून धरतो. ढीग झिजला कीं ती पकड सैल होते आणि पाणी दूर निघून जातें. शिवाय भार उतरल्यामुळें तेथली जमीन हळूहळू वर उचलली जाते. म्हणून जेथें बर्फ वितळतें तेथेंच समुद्र उतरतो. नी-आलेसुंडच्या किनाऱ्यावरील मापकावर पाण्याची पातळी वर्षानुवर्षें खालीं जात आहे. ग्रीनलंडचें पाणी सरासरीहून अधिक चढतें तें दूर, उष्ण कटिबंधांतील समुद्रांत. मुंबईस अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ सालापासून ठेविलेली आहे. त्या वहींतला हिशेब चढता आहे.

तेव्हां, भगिनी, आपल्या यजमानांस आमचा नमस्कार सांगून एवढें कळवावें, कीं जुन्या घरीं सध्यां पाणी ओसरत आहे, पण तें आपल्या नव्या घराच्या पायरीकडे निघालें आहे. मुलांस पेल्याचा प्रयोग करून दाखवावा. बर्फ गोळेवाल्याकडचें चालतें. आणि तो मागच्या बांकावरचा विद्यार्थी, आतां चाळिशी ओलांडलेला, जर हा अंक वाचीत असेल, तर त्या दिवशींचें त्याचें उत्तर बरोबर होतें आणि आमचें चूक होतें, हें आम्हीं त्या वर्गासमोर सांगावयास हवें होतें.